अकरा जीबीचा मान

कमलबाईंचा भाऊ दोन वर्षं रुसला होता आणि कारण काय, तर टोपी.

ज्यांना यात हसण्यासारखं वाटतं त्यांनी खानदेशातलं लग्न पाहिलेलं नाही. आमच्याकडे लग्नात जेवण कमी पडलं तर माणूस दोन शिव्या देतो आणि घरी जाऊन जेवतो. पण मांडवात नाव पुकारून, चारचौघांसमोर मानाची टोपी आणि टॉवेल मिळाला नाही, तर तो घरी जाऊन जेवतही नाही. रुसतो. आणि रुसायचीसुद्धा रीत असते. ज्याच्यावर रुसलोय त्याला एक अक्षर बोलायचं नाही. पाच बाहेरच्यांना सांगायचं. बरोबर पोचतं.

कमलबाई राहायला धुळ्याला, देवपुरात. माहेर जळगावजवळ असोद्याला. तिथे त्यांचा थोरला भाऊ तोताराम केळीची बाग करतो. दोन वर्षांपूर्वी कमलबाईंच्या मुलाचं, भूषणचं लग्न धुळ्यात झालं. तेव्हापासून तोताराम म्हणत होता, मला मांडवात टोपी दिली नाही. कमलबाई म्हणत होत्या, दिली. दोन वर्षं हा खटला पाहुण्यांमार्फत चालला, आणि कमलबाईंनी तो मनातल्या मनात कधीच जिंकलेला होता. कारण टोपी त्यांनी स्वतःच्या हाताने दिली होती. हे त्यांना स्पष्ट आठवत होतं.

पण आता मुलीचं, डिंपलचं लग्न आलं. तारीख सोळा. हातात आठ दिवस. नवरीला मांडवात आणायचं ते मामाने, आणि मामा असोद्यात फुगून बसलेला. तसे चुलत-मावस मिळून चार-पाच मामा उपलब्ध होते, पण सख्खा जिवंत असताना उसना मामा उभा केला तर लोक विचारणार. डिंपल तर सरळ म्हणाली होती, "तोतामामा नसेल तर मी चालत येते एकटी." कमलबाई पत्रिका घेऊन असोद्याला गेल्या, तर तोतारामने पत्रिकेला हात लावला नाही. ती तशीच पाटावर पडून राहिली.

"मांडवात मले टोपी दिल्याचं दाखव," तो म्हणाला. "मंग येतो."

झालं. कमलबाई पुराव्याच्या मागे लागल्या.

अल्बममध्ये टोपी नव्हती. तीन तासांच्या लग्नाच्या फिल्ममध्ये नवरा-नवरी कारंज्यामागून स्लो मोशनमध्ये पाच वेळा धावत होते, पण मानपान कापलेला. तेव्हा भूषणने फोटोग्राफरला, जळगावच्या हितेंद्रला फोन लावला. हितेंद्रकडे न कापलेलं सगळं शूटिंग शिल्लक होतं. भूषणने त्याच्याकडून मानपानाचा तुकडा मागवला आणि मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तो व्हॉट्सअ‍ॅपने असा काही दाबला होता की माणसांच्या जागी नुसते रंगीत ठिपके हलत होते.

तोतारामचं उत्तर आलं, आवाजी. "यात माणूस हाये का भोपळा, ते समजत नही. आन आवाज तं विहिरीतून आल्यावानी. मले साफ पाहिजे. आवाज बी साफ."

भूषणने दुसऱ्यांदा पाठवला, तुकडे करून. परत आला. तिसऱ्यांदा पाठवला. "आवाज नही समजत," मामा म्हणाला. टोपी दिसण्याशी आवाजाचा काय संबंध, हा प्रश्न कमलबाईंना पडायला हवा होता. पण जिंकायला निघालेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

शेवटी हितेंद्रने फोनवर समजावलं. "काकू, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की व्हिडिओ दाबला जातो. आणि मूळ फाइल अकरा जीबीची आहे, ती तशी जाणारच नाही. मी क्लाउडवर टाकतो, तुम्हाला लिंक देतो."

अकरा जीबी हे वजन आहे की लांबी, हे कमलबाईंना कळलं नाही, पण आकडा त्यांना आवडला. क्लाउडचं मात्र भूषणने सोपं करून सांगितलं. "आई, माल दुसऱ्याच्या गोडाऊनमध्ये ठेवायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त चावी पाठवायची. गोडाऊन हितेंद्रचं. ज्याच्याकडे चावी, तो आत जाऊन माल पाहू शकतो, घरी पण नेऊ शकतो."

"चावी कितीजणांना देता येते?"

"कितीही."

कमलबाईंचा चेहरा उजळला. "मग ग्रुपवरच टाक."

ग्रुप म्हणजे 'आपले आप्तेष्ट'. सभासद एकशे चौसष्ट. त्यात सकाळी फुलं, दुपारी औषधं आणि अधूनमधून मयताच्या वेळा येत. कमलबाईंचे यजमान लोटन मास्तर, निवृत्त, सावध, आयुष्यभर उत्तरपत्रिका दोनदा तपासलेला माणूस. ते खुर्चीतून म्हणाले, "आगोदर आपण दखी लेऊत. मंग धाडूत."

"आपण काय बघायचं? मला काय लपवायचंय?" कमलबाई म्हणाल्या. "दोन वर्षं मला खोटं पाडलंय. आता सगळ्यांसमोर होऊ द्या."

मास्तरांनी वर्तमानपत्र उघडलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा विषय चांगला अभ्यासला होता.

कमलबाईंनी उभ्या राहून मजकूर सांगितला आणि भूषणने टाइप केला. "तोताराम भाऊंना मानाची टोपी दिल्याचा पुरावा. सर्वांनी पूर्ण पाहावा. आवाज मोठा ठेवावा." खाली लिंक. सकाळचे साडेदहा वाजले होते. दोन मिनिटांत असोद्याहून अंगठा आला आणि पाठोपाठ तोतारामचा आवाज. "डाउनलोड चालू केलं. अकरा जीबी हाये, टाइम लागीन. फोनमदले बठ्ठे गुड मॉर्निंग पुसले, तवा जागा झाली."

मग भूषणने तीच लिंक टीव्हीवर लावली आणि घरची मंडळी पुरावा पाहायला बसली.

चित्र खरंच साफ होतं. व्याह्यांच्या मिशीचा केस न् केस मोजता येत होता. यादी धरलेले गृहस्थ माइकवरून नावं पुकारत होते, एकेक जण उठत होता, टोपी, टॉवेल, नमस्कार. "नवरदेवाचे मामा, श्री. तोताराम," अशी हाक आली. मागच्या ओळीतला तोताराम खुर्चीतून अर्धा उठला. त्याने हाताने कॉलर नीट केली. आणि तेवढ्यात, कॅमेऱ्याच्या अगदी कानाशी, कमलबाईंचा आवाज आला. इतका साफ, की त्या स्वतःच दचकून मागे वळल्या.

"ए हितेंद्र, कॅमेरा फिरव तिकडे. याला नको घेऊ. शर्ट बघ कसला घालून आलाय, सगळे डाग. व्याही काय म्हणतील, भाऊ आहे का गडी आहे? अहो, पुढचं नाव घ्या तुम्ही. याची टोपी मी आत नेऊन देईन."

माइकवाल्यांनी पुढचं नाव घेतलं. टीव्हीवर तोताराम जितका उठला होता तितकाच परत बसला. कॅमेरा फिरला.

सून सुलक्षणा गॅस बंद करायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. गॅस चालू नव्हता. मास्तरांनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

कमलबाईंना टोपी दिल्याचं आठवत होतं, ते खरंच होतं. मांडवामागच्या खोलीत, बुंदीच्या परातींच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी ती भावाच्या हातात दिली होती. फक्त त्याच्या आधीचं सगळं त्या विसरल्या होत्या. सोयीचं विसरायची कला त्यांच्या अंगात होती, जशी ती तुमच्या-आमच्या अंगात आहे. आणि आता तर तेही आठवलं की ते डाग कशाचे होते. त्या दिवशी पहाटे तोतारामने आपल्या बागेतले केळीचे आठ खांब तोडले, टेम्पोत घातले, धुळ्यापर्यंत आणले आणि मांडवाच्या दाराला स्वतः बांधले. केळीचा चीक कापडाला लागला की कापड फाटेपर्यंत जात नाही. कपडे बदलायला त्याला वेळ कोणी दिला होता? कमलबाईच सारख्या ओरडत होत्या, भाऊ, खांब वाकडा दिसतोय, भाऊ, दोरी घट्ट कर.

त्यांना लाज वाटली. अशी की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"काढ ते," त्या भूषणला म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता काढ."

भूषणने मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. यापरता गाढवपणा दुसरा नव्हता. लिंक टाकल्यावर एकशे चौसष्टपैकी फार तर दहा जणांनी ती पाहिली असती, कारण अकरा जीबीची टोपी पाहण्याइतका वेळ कोणालाच नव्हता. पण 'हा मेसेज डिलीट केला गेला' असं दिसताच सगळा ग्रुप जागा झाला. काय होतं? कोणी काढलं? धरणगावच्या लताबाईंनी लिहिलं, "माझ्याकडे लिंक आहे. मी आधीच उघडून ठेवली होती." कोणाला हवी असेल तर सांगा, असंही लिहिलं.

गोडाऊनलाच कुलूप लावता आलं असतं, पण गोडाऊन हितेंद्रचं, आणि हितेंद्र दुसऱ्याच कुठल्या लग्नात ड्रोन उडवत होता. सात वेळा फोन केला. सातही वेळा त्याच्या फोनवर गाणं वाजलं. इकडे असोद्याहून आवाज आला, "नऊ टक्के झाले."

कमलबाईंनी पायात चपला घातल्या.

"तठे जाईसन काय करशी?" मास्तरांनी विचारलं.

"काहीही करेन. फोन हौदात टाकेन. पण त्याला हे ऐकू देणार नाही."

धुळ्याहून जळगावची एसटी मिळाली. खिडकीची जागा मिळाली. आणि मग सुरू झाली शर्यत. एका बाजूला महामंडळाची बस, दुसऱ्या बाजूला असोद्याचं नेटवर्क. दोघांपैकी जास्त रेंगाळणारं कोण, यावर कमलबाईंचं माहेर अवलंबून होतं.

तोताराम ग्रुपवर दर थोड्या वेळाने आकडे सांगत होता, मतमोजणीच्या फेऱ्या सांगाव्यात तसे. पारोळ्याला एकेचाळीस टक्के. कमलबाईंनी कंडक्टरला विचारलं, गाडी जरा दाबता येत नाही का. तो म्हणाला, "मावशी, बाळंतपण आहे का कोणाचं?" पारोळ्याच्या पुढे बावन्न. मग एरंडोलला गाडी चहाला थांबली. ड्रायव्हर चहा बशीत ओतून, फुंकून, आस्वाद घेत पिऊ लागला, आणि कमलबाई त्याच्याकडे अशा पाहत उभ्या राहिल्या की त्याला शेवटचा घोट गोड लागला नसणार. त्रेसष्ट टक्के.

पाळधीच्या आसपास असोद्याहून बातमी आली. "लाइट गेली. वायफाय बंद. चौऱ्याण्णववर अटकलं." लाइट गेल्याचा आनंद झालेली कमलबाई ही त्या जिल्ह्यातली पहिली बाई असावी. त्यांनी वीज मंडळाची मनातल्या मनात ओटी भरली. चाळीस मिनिटं लाइट नव्हती. तेवढ्यात बस जळगावला पोचली, कमलबाईंनी रिक्षा केली, आणि असोद्याच्या वेशीत रिक्षा शिरली त्याच वेळी दुकानादुकानांतले पंखे फिरायला लागले. लाइट आली होती.

तोताराम ओट्यावर खाटेवर बसला होता. फोन चार्जरला लावून उशीवर ठेवलेला. बहिणीला अचानक दारात पाहून त्याला आश्चर्य वाटलं असेल, पण रुसलेल्या माणसाने ते दाखवायचं नसतं.

"ये," तो म्हणाला. "बरी आली. सोबतच पाहू. पंच्याण्णव झाले."

वहिनी कुंदाबाईंनी पाणी आणून दिलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. तोताराम बागेतून नुकताच आलेला दिसत होता. हात काळे, आणि अंगातल्या बंडीवर तेच तपकिरी डाग. "हात धुऊन येतो. तवर फोनवर लक्ष ठेव," असं म्हणून तो फोन बहिणीच्या हातात देऊन मोरीकडे गेला.

आता फोन त्यांच्या हातात होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. शहाण्णव टक्के, आणि बाजूला बारीक अक्षरात 'रद्द करा'. एवढ्यासाठीच तर त्या नव्वद किलोमीटर आल्या होत्या. बोट टेकवलं की संपलं. नेटवर्कवर ढकलून द्यायचं. असोद्याच्या नेटवर्कवर कोणीही विश्वास ठेवला असता.

बोट तिथपर्यंत गेलं. आणि थांबलं.

कारण त्यांच्या मनात आलं की हे पुसलं, भाऊ खरं न कळताच लग्नाला आला, डिंपलचा हात धरून तिला मांडवात घेऊन आला, तर आपण त्याच्या तोंडाकडे कशा पाहणार? त्याला माहीत नसेल. आपल्याला माहीत असेल. मोरीवर पाणी वाजत होतं. चीक निघत नव्हता बहुतेक, बराच वेळ तो हात घासत होता.

तो टॉवेलला हात पुसत आला तेव्हा कमलबाईंनी फोन उशीवर उलटा ठेवला होता.

"भाऊ, ते लावू नको," त्या म्हणाल्या. "मीच सांगते."

"काय?"

"तुझं नाव पुकारलं होतं. तू उठला होतास. मीच तुला बसवलं. मी हितेंद्रला म्हटलं, याला घेऊ नको, याच्या शर्टावर डाग आहेत." आता थांबणं शक्य नव्हतं. "भाऊ आहे का गडी आहे, असं म्हटलं मी. मग आत नेऊन पिशवीत टोपी दिली आणि दोन वर्षं तुलाच खोटं पाडलं. चुकलं माझं. लग्नाला ये नाहीतर नको येऊ, पण चुकलं."

कुंदाबाई चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या होत्या. तोताराम खाटेवर बसला.

"मले मालूम हाये," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"हेच. मी काय लांब व्हतो का? तुह्यापासून दोन पावलांवर तं व्हतो. माइक चालू व्हता तरी आयकू आलं."

कमलबाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. "मग व्हिडिओ कशाला मागत होतास? आवाज साफ पाहिजे, आवाज साफ पाहिजे म्हणून जीव खाल्लास पोराचा."

"मले कशाले पाहिजे? मले तं पाठ हाये." तोतारामने चहाचा कप घेतला. "तू आयकावं म्हनून मांगत व्हतो."

कमलबाईंना रडू आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला नाही की काही नाही, सरळ भावाच्या ओट्यावर बसून रडल्या. कुंदाबाईंनी कप खाली ठेवून त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि ठेवता ठेवता नवऱ्याकडे असं पाहिलं की, झालं का समाधान? तोतारामने फोन उचलला. अठ्ठ्याण्णव टक्के. त्याने बारीक डोळे करून 'रद्द करा' शोधलं आणि दाबलं.

"जागा खाते नुसती," तो म्हणाला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण ग्रुपवर लताबाई होत्या. त्यांनी एवढ्या वेळात सगळं मानपान बसून पाहिलं होतं, आणि नेमका तो तुकडा दुसऱ्या फोनवर धरून काढला होता. वीस सेकंदांचा. अकरा जीबी जिथे अडत होते तिथे वीस सेकंद सहज गेले. तोतारामच्या हातातल्या फोनवरच ते वाजलं. 'भाऊ आहे का गडी आहे?' त्याखाली मजकूर येऊ लागले. अरेरे. सख्ख्या भावाला असं? शहरात राहिलं की माणूस बदलतो. आमच्यात नाही बाई असं. एकाने तर रडणारे चेहरे ओळीने अकरा पाठवले. कोणी लिहिलं, तोताराम भाऊंनी या लग्नाला मुळीच जाऊ नये.

कमलबाईंनी हात पुढे केला. "दे इकडे. मी लिहिते. माझं मी भोगेन."

"तू बस," तोताराम म्हणाला.

त्याने फोन तोंडाजवळ धरला, अंगठ्याने बटण दाबलं, आणि बागेतून शेजारच्या बागेतल्या माणसाला हाक मारावी तसा बोलला. दोन वर्षं तो ज्यांना रडून सांगत होता, त्याच एकशे चौसष्ट जणांना.

"आयका रे सगळे. कमल माही बहीण हाये. ते मले काय बोलली, ते आमचं आम्ही पाहू. तुम्ही कोनी तिले एक शब्द बोलायचा नही. सोळा तारखेले धुळ्याले माह्या भाचीचं लग्न हाये. सगळ्यांनी टायमावर या, जेवून जा. आन लताबाई, तुम्ही तं याच."

त्याने अंगठा उचलला. निरोप गेला. मग त्याने फोन उशीवर उलटा ठेवला आणि चहाचा कप बहिणीपुढे सरकवला.